उतरतीच्या खुणा

२३ मे

प्रिय अर्मां,

'प्रिय' लिहिलं आणि दहा मिनिटं पेन हातात धरून तशीच बसले. पण दुसरं लिहायचं तरी काय? 'श्री. अर्मां' असं लिहिलं की वीजकंपनीला तक्रार करतेय असं वाटतं. तेव्हा प्रिय तर प्रिय, त्यातून फार अर्थ काढू नकोस. अकरा वर्षांत मी तुला साधं नाताळचं कार्ड पाठवलं नाही, आणि आज एकदम एवढं जाड पाकीट बघून तू चष्मा शोधत बसशील. शांतपणे वाच, आणि पहिल्या पानापासून वाच. वर्तमानपत्र मागून पुढे वाचायचास तसं करू नकोस. गेले नऊ दिवस माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. काय खरं, काय माझ्या मनाचे खेळ, रागवायचं तर कोणावर, काही म्हणजे काही कळेनासं झालंय. लिहिता लिहिता कळेल अशी आशा आहे. नाहीच कळलं तर निदान तूही माझ्याबरोबर गोंधळशील.

चौदा तारखेला, मंगळवारी, मी रंगाचा डबा घेऊन निघाले. खिंडीतला बर्फ यंदा उशिरा वितळला, म्हणून कामही उशिरा. आपली वाट तशीच आहे, गावच्या हौदापासून फरच्या जंगलातून वर कुरणांवर आणि तिथून खिंडीपर्यंत नऊ किलोमीटर. मीच तेवढी तशी राहिले नाही, चढ लागला की आता भात्यासारखी फुसफुसते. धोबीघाटामागच्या वळणावर बुटात खडा गेला म्हणून थांबले, बूट काढला आणि सहज मागे वळून पाहिलं. अर्मां, उतरतीची खूण! खिंडीकडून गावात येणाऱ्याला दिसावी अशी, नुकत्याच मागे टाकलेल्या फरच्या वरच्या अंगाला, ताजी, पिवळीधमक पट्टी. बोट लावलं तर किंचित चिकटली. आणि पट्टीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात कुरतडल्यासारखी खाच. ती खाच कोणाच्या साच्याची हे मला कोणी सांगायला नको. जुन्या मोटारीच्या नंबरप्लेटमधून तू तो साचा कापलास आणि कोपऱ्यात पत्रा फाटला. मी म्हटलं होतं, 'टाक तो, दुसरा काप,' आणि तू म्हणाला होतास, 'असू दे, सही समज.' एका पायात बूट आणि एक पाय मोज्यात, अशी मी ओल्या शेवाळात बसकण मारली.

मग उठले आणि दर दहा पावलांनी मागे वळून बघत चढायला लागले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीच्या मागे भूत लागलंय. सतरा खुणा सापडल्या, सगळ्यांना ती खाच. सतराव्यानंतर पुन्हा तुझ्या जुन्या, विटलेल्या, शेवाळाने खाल्लेल्या. हातात ब्रश होता पण त्या दिवशी मी एकही पट्टी सरळ मारू शकले नाही. एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता: हा माणूस आला, आपली वाट रंगवली, माझ्या दारावरून गेला आणि मला न भेटता परत गेला? की अजून इथेच आहे? आला असेल तर कशाला आला? खुणांसाठी, की माझ्यासाठी? खरं सांगते, राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली.

आपली ती रंगवायची पद्धत अख्ख्या निसर्ग उद्यानात दुसऱ्या कोणाची नसेल. बाकीचे लोक एकाच फेरीत झाडाच्या दोन्ही अंगांना खुणा मारतात आणि मोकळे होतात. आपलं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तू मोटारीने खिंडीत जायचास आणि तिथून उतरताना उतरतीच्या खुणा करायचास, मी गावातून निघून चढतीच्या. दुपारी मधल्या उन्हाळी गोठ्यापाशी भेटायचं, पाव, सॉसेज, फूर्म चीजचा तुकडा आणि बाटली. तिथे तू मला मोटारीची किल्ली द्यायची, कारण पुढे मी वर जाणार आणि मोटार मीच खाली आणणार. 'चालणाऱ्याच्या डोळ्यांनीच खूण करावी, पाठीला डोळे नसतात,' हे तुझं तत्त्वज्ञान! ज्या वर्षी फूर्मच्या चवीवरून भांडलो त्या वर्षी किल्ली द्यायचीच राहिली. मी खिंडीत बंद मोटारीपाशी, तू गावात किल्ली खिशात घेऊन. तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू धापा टाकत परत वर आलास, आणि मी तोवर पायी खाली निघालेली. गोठ्याखालच्या फाट्यावर भेटलो आणि एकमेकांवर इतके ओरडलो की बतिस्तच्या गाई कुंपणापाशी येऊन बघत उभ्या राहिल्या. मग तू हसायला लागलास. मोटार शेवटी दुसऱ्या दिवशी आणली.

असो. खाली आल्यावर मी चौकशी सुरू केली. मिरेयच्या कॅफेत गेले, सहज विचारल्यासारखं विचारलं, 'काय गं, कोणी जुनं माणूस दिसलं का गावात?' मिरेय कप पुसत म्हणाली, 'जुनं म्हणजे किती जुनं? गावात सत्तरीच्या आतलं कोण आहे?' मी म्हटलं, 'अर्मांएवढं.' तिने कप खाली ठेवला. 'जोसियान, अगं, तू बरी आहेस ना?' मी कॉफीचे पैसे ठेवून उठले. मग पास्कालकडे. मास्तर होता तेव्हा मुलांना हैराण करायचा, आता वाटा-समितीचा अध्यक्ष म्हणून आम्हाला करतो. तो म्हणाला, 'तुझ्या वाटेवर दुसऱ्या कोणाला रंगवायला सांगीन मी? जीव प्यारा आहे मला. आणि त्या बाईच्या प्रकरणानंतर तर मी सगळ्यांना बजावलंय, परस्पर काही करायचं नाही.' त्या बाईचं प्रकरण म्हणजे गेल्या ऑक्टोबरातलं. सां-एत्येनची बेनेदिक्त म्हणून एक बाई, शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करते, एकटीच खिंडीतून उतरत होती. धुकं होतं. फाट्यावर वाट चुकली, दलदलीच्या ओढ्याकडे गेली, घसरली, घोटा मोडला, आणि रात्रभर तिथेच पडून राहिली. सकाळी कुत्र्यांनी शोधली. पास्कालच्या तोंडून तिचा विषय निघाला आणि माझं पुढचं विचारायचं राहूनच गेलं. ते मी नंतर सांगते, आत्ता नको.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगायला नको, पण सांगते. अंगणाचं फाटक उघडं ठेवलं. निळा ब्लाउज घातला. बटाटे किसून धिरडी केली, तुला कडा करपलेल्या आवडतात म्हणून कडा करपवल्या, आणि दोघांना पुरतील इतकी केली. साडेसातला बतिस्त दुधाचं भांडं परत करायला आला, माझा ब्लाउज बघितला, दोन ताटं बघितली, आणि म्हणाला, 'कोणी येणारे का?' मी म्हटलं, 'तूच की, बस.' बिचारा चार धिरडी खाऊन गेला आणि आता गावभर सांगत असेल की जोसियानला काहीतरी झालंय. अडुसष्टाव्या वर्षी हे असले चाळे! तुझ्यावर रागवून मी करपलेली एकही कड खाल्ली नाही.

गुरुवारी परत गेले. आता एकतीस खुणा झालेल्या, म्हणजे माणूस इथेच होता आणि सकाळी लवकर काम करत होता. पण माझा गोंधळ कमी व्हायचा तो वाढलाच. लाकूडकटाईवाल्यांनी हिवाळ्यात तोडलेली खोडं रस्त्याकडेला रचून ठेवलीत ना, सॉ-मिलच्या ट्रकची वाट बघत, त्यातल्या एका आडव्या खोडावर पिवळी पट्टी! छान, सुबक, खाचेसकट. खोड होतं तुझ्या लाडक्या दोन शेंड्यांच्या फरचं. तोडलेल्या झाडावर वाटेची खूण कोण करतं? वाटसरूने काय ट्रकमागून सॉ-मिलमध्ये जायचं? पुढे बतिस्तच्या कुंपणाच्या खांबावर एक, तीही चुकीच्या बाजूला. मी तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं, 'अर्मां, तुझं डोकं फिरलंय का?' आणि मग वाटलं, ते खरंच असलं तर? आपल्या वयाच्या माणसांची डोकी खरोखरच फिरतात. ज्याला त्या वाटेचं प्रत्येक झाड पाठ, तो असं करेल तर त्याला काय झालं असेल? तोवर मी तुला मनातल्या मनात फैलावर घेत होते. तिथून घरी येईपर्यंत नुसती काळजी.

शुक्रवारी उजाडताच जाऊन गोठ्याच्या भिंतीआड दबा धरून बसले. हातात टोपली, सॅलडसाठी कोवळा पाला खुडतेय असं दाखवायला. सव्वासातला पावलं वाजली. आणि भिंतीपलीकडून कोण यावं? एक बाई! आखूड पांढरे केस, अंगात कोळ्यांचा पिवळा रेनकोट, नाकावर पिवळा रंग, एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात कागदांची चळत. आणि ती झाडाशी भांडत होती. 'तिसरा भूर्ज! अहो, इथे दोनच आहेत! तिसरा मी कुठून आणू, रुजवू?' मी भिंतीआडून म्हटलं, 'तिसरा दहा वर्षांपूर्वी वादळात पडला.' बाईने किंचाळून ब्रश टाकला. मग माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या टोपलीकडे बघितलं, माझ्या हातांवरच्या पिवळ्या डागांकडे बघितलं, आणि म्हणाली, 'तुम्ही जोसियान.' मी म्हटलं, 'आणि तुम्ही कोण? हा साचा तुमच्याकडे कसा?' ती म्हणाली, 'मी मारीव्हॉन.' एवढंच. तेवढंच पुरलं. तू तिकडे समुद्रकाठी कोणाबरोबर राहतोस हे मला ऐकून ठाऊक होतं, नाव मात्र मी कोणाला उच्चारू दिलं नव्हतं.

मी मनात किती वर्षं तिला शिव्या तयार करून ठेवल्या होत्या, अर्मां! एकसे एक होत्या. आणि ऐन वेळी एक आठवेना. ती ब्रश उचलत म्हणाली, 'रागवायचं असेल तर आधी रागवून घ्या, मग मला भूर्जाचं सांगा. मला आज दहा खुणा करायच्यात आणि माझी कंबर धरलीय.' आता अशा बाईवर कसं रागवायचं? मला तिचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच राग यायला लागला. आम्ही गोठ्याच्या पायरीवर बसलो. तिने डबा उघडला तर आत सार्डिन मासे! डोंगरावर सार्डिन! मी म्हटलं, 'इथे आम्ही असलं खात नाही.' ती म्हणाली, 'म्हणूनच आणलं, तुमचं ते बुरशीचं चीज अर्मां मला दर रविवारी खायला लावतात.' मी दोन सार्डिन खाल्ले. वाईट नव्हते. मग ती एकेक सांगू लागली आणि मी ऐकत गेले.

दोन वर्षांपूर्वी तुला अर्धांगाचा झटका आला, डावा पाय गेला, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायला आलं असतं तर मी ऐकलं नसतं, तेही खरं. तू तिकडे बसून अकरा वर्षं आपल्या इथलं वर्तमानपत्र टपालाने मागवतोस, हेही मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ऑक्टोबरात बेनेदिक्तची बातमी आली. तीत समितीचा हवाला देऊन छापलं होतं की फाट्यावरच्या खुणा ताज्या होत्या, बाईचंच लक्ष नव्हतं. तू पेपर खाली ठेवलास आणि म्हणालास, 'खुणा ताज्या असतील, पण जोसियानच्या. माझ्या पुसल्या असणार. ती बाई माझ्यामुळे पडली.' त्यानंतर हिवाळाभर तू टेबलाशी बसून यादी केलीस, हौदापासून खिंडीपर्यंत एकशे त्रेचाळीस झाडं, दगड, खांब, एकही न बघता. आणि वसंत आला तशी ती बिचारी नऊ तास मोटार हाकत इथे आली, कारण तू झोपत नव्हतास. यादी मी पाहिली. अक्षर वाकडं झालंय तुझं. दोन शेंड्यांचा फर तोडलेला होता, पण यादीत होता, आणि तिला दोन शेंडे आडवे पडलेले दिसले म्हणून तिने आडव्यावरच पट्टी मारली. 'मी खलाशाची मुलगी,' म्हणाली, 'समुद्रातला तरंगता बोया असता तर चुकले नसते.' यादीच्या वर तू तिला ठळक लिहून दिलं होतंस: चढतीच्या खुणा जोसियानच्या, त्यांना हात लावायचा नाही. ते वाचलं आणि मी तिच्यासमोर रडले. पदर ना रुमाल, टोपलीतल्या पाल्याने नाक पुसलं.

आता ते, जे मघाशी टाळलं. अर्मां, ती बाई तुझ्यामुळे पडली नाही, माझ्यामुळे पडली. तू गेल्यावरच्या पहिल्या मे महिन्यात मी चढतीच्या खुणा केल्या आणि मोटार नव्हती म्हणून पायीच उतरले. डब्यात रंग उरला होता. फाट्यावर तुझी खूण विटायला लागलेली दिसली. मी ब्रश बुडवलासुद्धा, आणि मग म्हटलं, नाही. ही अर्मांची. त्याने यावं आणि करावी. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. अकरा वेळा मी रंगाचा डबा हातात घेऊन तुझ्या खुणांसमोरून उतरले आणि एकीलाही हात लावला नाही. त्या विटत चालल्या तसं मला आत कुठेतरी बरंही वाटायचं, की बघा, याने काय टाकून दिलंय ते. वाटसरूंचा विचार माझ्या मनात आला नाही. खोटं कशाला बोलू, आला होता, मी तो बाजूला सारला. आणि बेनेदिक्त सापडली त्या दिवशी पास्कालने विचारलं, 'जोसियान, फाट्यावरच्या खुणा केल्या होत्यास ना?' मी म्हटलं, 'केल्यात की, मे महिन्यात.' तो हौदापासून फाट्यापर्यंत चढला, माझ्या पिवळ्याधमक खुणा बघितल्या, आणि पुढून जंगलाच्या रस्त्याने कोणाच्या तरी मोटारीत बसून परत आला, कारण त्याचे गुडघे उतरायला तयार नसतात. मागे वळून त्याने बघितलंच नाही. ती बाई इस्पितळात घसा कोरडा करून सांगत राहिली की खूण नव्हती, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मला ठाऊक होतं ती खरं बोलतेय. मी सात महिने गप्प बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात, माझ्या घशाची तर जखम झाली.

हे मी मारीव्हॉनला तिथेच सांगितलं. तिने समजूत घातली नाही, म्हणून मला ती आवडली. ती म्हणाली, 'हे अर्मांना सांगायला हवं, ते फुकट जळतायत. आणि त्या बाईला.' मग उठून म्हणाली, 'आता भूर्ज.' तेव्हापासून आम्ही दोघी रोज जातो. मी झाड दाखवते, ती पट्टी मारते. तुझा साचा मी हातात घेत नाही, ती देत होती तरी. फाटा झाला, गोठा झाला, आता वरची थोडी कुरणं आणि खिंड राहिलीय, तिथे झाडं नाहीत, दगडच, रविवारपर्यंत होईल. ती दिवसभर बडबडते आणि चुकीची गाणी म्हणते. माझ्या घरी झोपते, आधी तळ्याकाठी गाडीतच झोपत होती, तिथे गारठून मेली असती. गावात काय चर्चा चाललीय विचारू नकोस. मिरेयने मला बाजूला घेऊन विचारलं, 'ही कोण गं तुझी?' मी म्हटलं, 'उतरतीची.' तिला काही कळलं नाही, मला तरी कुठे कळलंय!

परवा पास्कालला जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं मास्तर आता छडी काढणार. तो म्हणाला, 'म्हणजे मी अध्यक्ष होऊन सहा वर्षं झाली आणि एकदाही उतरलो नाही.' सोळा जूनला, रविवारी, समितीची मोसमाची पहिली फेरी आहे. त्याने बेनेदिक्तला फोन करून बोलावलंय, फाट्यावर तिच्यासमोर मी स्वतः सांगायचं ठरलंय. ती येते म्हणाली, काठी घेऊन. मला भीती वाटते. तू तिथे असावंस असं वाटतं, आणि कसा येणार ते कळत नव्हतं. तर आता नीट वाच. निसर्ग उद्यानाच्या कचेरीत चालता न येणाऱ्यांसाठी एक खुर्ची आहे, एकाच चाकाची, पुढे दोन दांड्या, मागे दोन, एक माणूस पुढून ओढतो, एक मागून तोल धरतो. डोंगरातल्या पायवाटांवर जाते ती. मी सोळा तारखेसाठी नाव नोंदवलंय, तुझं वजन विचारलं तर मारीव्हॉनने आठ किलो कमी सांगितलं, ते तुम्ही दोघं बघून घ्या. जंगलाच्या रस्त्याने मोटार फाट्यापर्यंत जाते. तिथून गोठ्यापर्यंत सव्वा किलोमीटर, चढ सौम्य. काल आम्ही सराव केला, खुर्चीत बतिस्तला बसवून. एकदा पाडलं त्याला, पण गवतात. मारीव्हॉन म्हणते, तू तिला नाही म्हणशील, असं लोकांसमोर उचलून नेलेलं तुला आवडणार नाही. मी म्हणते, मला तर आधी नाही म्हणशील. म्हणून दोघींच्या वतीने एकच पत्र, म्हणजे एकदाच काय ते नाही म्हण.

आणि आता खरं कारण. वरचं सगळं मारीव्हॉनने परत येऊन तोंडी सांगितलं असतं. तू तेव्हा बहिणीचं छप्पर दुरुस्त करायला तीन आठवड्यांसाठी म्हणून गेलास. नाताळच्या आदल्या दिवशी फोन केलास आणि म्हणालास, 'छप्पर झालं, जोसियान. पण मी येत नाही.' मी कोंबडी भरत होते, हात बरबटलेले होते. मी म्हटलं, 'बरं.' आणि फोन ठेवला. तू पुढे काहीतरी बोलणार होतास, श्वास घेतलास तो मला ऐकू आला होता, तरी ठेवला. सगळ्यांना सांगत सुटले की नवरा काही न सांगता सोडून गेला. मी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. भीती होती की उत्तरात माझंच नाव निघेल. परवा मारीव्हॉनला विचारलं, तर ती म्हणाली, 'मी त्यांना कधी विचारलं नाही, मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल.' घ्या! दोन बायका, एक माणूस, आणि दोघींनाही पत्ता नाही. म्हणून आज विचारते, अकरा वर्षं उशिरा. का गेलास, अर्मां? पत्राने कळवू नकोस, फोनही नको. सोळा तारखेला पुढच्या दांड्या मी धरणार आहे. माझं तोंड चढाकडे असेल, तुला नुसती पाठ दिसेल, आणि दोन्ही हात गुंतलेले असतील, म्हणजे मला त्या फोनसारखं मध्येच काही ठेवून देता येणार नाही. तेव्हा सांग.

थोडी घाबरलेली, तुझीच,
जोसियान